तहसीलचं टेबल की हिंजवडीचं डेस्क: दोन नोकऱ्यांचं रोखठोक परीक्षण

एका हातात तहसील कार्यालयातल्या लिपिकाची जागा. वेतनस्तर एस-६, मूळ वेतन १९,९००. पदाचं नाव आता 'महसूल सहायक' झालंय, पण दारात उभी असलेली माणसं अजून 'क्लार्कसाहेब' असंच म्हणतात. दुसऱ्या हातात हिंजवडी किंवा खराडीतल्या कंपनीत बॅक ऑफिसची जागा, वार्षिक पॅकेज तीन लाख. या दोन्ही ठिकाणी अर्ज करणारी मुलं बहुतेक तीच असतात: बीए-बीकॉम झालेली, एमएस-सीआयटी केलेली, मराठी ३० आणि इंग्रजी ४० च्या टायपिंगची सर्टिफिकेटं फाइलला लावलेली. म्हणून परीक्षण या जोडीचंच. कलेक्टर आणि आयआयटीवाला यांची तुलना वाचायला बरी वाटते, पण ती कुणाच्या कामाची नसते.

निकाल आधीच सांगून टाकतो. सरकारीत तुमचं सुखदुःख टेबल, म्हणजे वाट्याला आलेला विषय, ठरवतं, खासगीत मॅनेजर ठरवतो. पगार, सुट्ट्या, पेन्शन यांवर चौकात तासभर वाद घालता येतो, पण सोमवारी सकाळी उठून जावंसं वाटतं की पोटात गोळा येतो, हे या दोन गोष्टींवर असतं. आणि नेमक्या याच दोन गोष्टी जाहिरातीत कुठेच छापलेल्या नसतात.

पगारापासून सुरुवात करू, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. लिपिकाचा हिशेब सरळ आहे. १९,९०० वर महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर १०,९४५. दोन्ही मिळून ३०,८४५. तालुक्याच्या गावी घरभाडे भत्ता १० टक्के, म्हणजे १,९९०, वर थोडा वाहतूक भत्ता. एकूण तेहेतीस हजारांच्या पुढे. त्यातून एनपीएसचे (नव्या पेन्शन योजनेचे) मूळ अधिक महागाईच्या १० टक्के, म्हणजे ३,०८५ जातात, व्यवसाय कराचे २००, गट विम्याची किरकोळ रक्कम. हाती तीस हजारांच्या आसपास. एनपीएसमध्ये शासन आपले १४ टक्के वेगळे भरतं, ते या आकड्यात धरलेले नाहीत.

खासगीचे तीन लाख म्हणजे महिन्याचे पंचवीस हजार, हा पहिल्या दिवसाचा गैरसमज. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर जो तक्ता असतो तो वाचायचा. बेसिक १२,५०० धरलं तर कंपनीचा पीएफ १,५०० याच पंचवीस हजारांतून. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ६०१, तीही यातूनच, आणि ती पाच वर्षं टिकलात तरच दिसणार. मेडिक्लेमच्या हप्त्याचे पाचएकशे. १० टक्के व्हेरिएबल (कामगिरी पाहून मिळणारा भाग) असेल तर आणखी २,५०० बाजूला. उरले १९,८९९. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की बँकेत येतात १८,१९९. त्या पैशात वाकडला कॉट बेसिसवर राहायचं आणि मेस लावायची. याच पदवीवर सुरुवातीला तरी सरकारी बाजू सरळ वरचढ आहे. 'खासगीत पैसा जास्त' हे वाक्य इंजिनिअरांच्या तोंडून ऐकून बीकॉमवाले उगाच पाठ करतात.

पुढे मात्र गाडी पालटते. सरकारी वेतनवाढ वर्षाला ३ टक्के. १९,९०० चे २०,५०० होतात, मग २१,१००. दहा वर्षांनी २६,८००. त्या वर्षी पदोन्नती नसेल तर आश्वासित प्रगती योजनेचा पहिला लाभ मिळतो (१०, २० आणि ३० वर्षं असे तीन टप्पे). नाव ऐकून मोठी उडी वाटते. प्रत्यक्षात एस-८ मध्ये वेतननिश्चिती होऊन २६,८०० चे होतात २७,९००. दहा वर्षांच्या सेवेचं बक्षीस ११०० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता! अनेकांचा हिरमोड इथेच होतो, कारण पेढे आधीच वाटून झालेले असतात. खासगीत तुम्ही एका जागी बसून राहिलात तर वाढ साधारण तशीच रडतखडत होते, पण दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलली की एका झटक्यात २०-३० टक्के मिळू शकतात. थोडक्यात, सरकारीत टिकून राहणाऱ्याला पैसे आहेत आणि खासगीत निघून जाणाऱ्याला. स्वभाव कुठला आहे ते ज्याचं त्याने ओळखावं.

आता टेबल. तहसील कार्यालय बाहेरून एकच दिसतं, आत दहा-बारा वेगवेगळ्या नोकऱ्या चालतात. आस्थापना, जमाबंदी, कुळकायदा, फौजदारी, गौण खनिज, पुरवठा, रोजगार हमी, संजय गांधी योजना (कार्यालयात सगळे 'संगायो' म्हणतात), निवडणूक, नैसर्गिक आपत्ती, आवक-जावक, अभिलेख कक्ष. पगार सगळ्यांना सारखा, आयुष्य वेगळं. अभिलेख कक्षात धूळ भरपूर आणि फोन कमी. नकलांचे अर्ज घ्यायचे, जुने गठ्ठे उघडायचे, पाचच्या पुढे कुणी विचारत नाही. गौण खनिजला वाळूच्या गाड्यांमागे रात्री पथकात जावं लागतं आणि दोन्हीकडून दबाव येतो. निवडणूक शाखा चार वर्षं शांत आणि पाचव्या वर्षी घरच्यांना चेहरा विसरायला लावणारी.

सगळ्यात जिवावर येणारं टेबल नैसर्गिक आपत्तीचं. अवकाळी झाली की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांचे संयुक्त पंचनामे येतात. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत, म्हणून पहिला वाद तिथेच. मग यादी: नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, आधार, खातं. एका गटात चार भाऊ सामाईक खातेदार निघाले तर तिघांचं संमतीपत्र हवं, आणि तिघांपैकी एक हमखास सुरतेला किंवा मुंबईला असतो. यादी पोर्टलवर चढली की प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक पडतो. तो घेऊन शेतकऱ्याने सेवा केंद्रात जाऊन अंगठा द्यायचा. वयस्कर माणसाच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा उमटत नाही, आणि तो माणूस परत तुमच्याच टेबलासमोर उभा राहतो, कारण त्याच्या दृष्टीने पैसे तुम्ही अडवलेत. चूक तुमची नसते, अधिकार तुमचा नसतो, शिव्या मात्र तुमच्या. तरी एक सांगायला हवं: याच टेबलावर, पैसे जमा झाल्यावर सकाळी येऊन नुसता हात जोडून जाणारा माणूसही भेटतो. खासगी बॅक ऑफिसमध्ये केस नंबर भेटतो, माणूस भेटत नाही.

कामाची पद्धत नवख्याला पहिल्या महिन्यात नीट कुणी शिकवत नाही, म्हणून इथे लिहितो. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे असतात: निर्गतीची (निकाली काढायची) प्रकरणं, प्रतीक्षेतली प्रकरणं, नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणं), स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे 'ड' वर्गाचे कागद. आलेलं प्रत्येक पत्र कार्यविवरण नोंदवहीत चढवायचं, उत्तराची वाट पाहायची असेल तर प्रतीक्षा नोंदवहीत. कागद किती काळ जपायचा याची वर्गवारी अशी: 'अ' कायम, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं, 'ड' १ वर्ष. हे सहा गठ्ठे ज्याने पहिल्या सहा महिन्यांत लावले, त्याचं टेबल पुढे त्याला खात नाही. ज्याने आधीच्याचा ढीग 'नंतर बघू' म्हणून तसाच स्वीकारला, तो तीन वर्षं दुसऱ्याच्या चुकांची उत्तरं देत बसतो. पदभार घेताना प्रलंबित प्रकरणांची यादी करून देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या. यादी नसेल तर हरवलेली नस्ती (फाइल) तुमच्याच काळात हरवली, असं धरलं जातं.

सरकारी कामातला खरा असंतोष कामाच्या ओझ्यापेक्षा काम पुरं न होण्यात आहे. लिपिकाने टिप्पणी लिहून नस्ती सादर केली, ती अव्वल कारकुनाकडे, नायब तहसीलदारांकडे, तिथून तहसीलदारांकडे गेली आणि आठ दिवसांनी समासात 'चर्चा करावी' एवढे दोन शब्द घेऊन परत आली. चर्चा करायला जावं तर साहेब व्हीसीमध्ये (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये), नाहीतर मंत्र्यांच्या दौऱ्यात. दप्तर दिरंगाईच्या २००५ च्या कायद्यात एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं म्हटलंय. पण चार पायऱ्यांनी प्रत्येकी सात दिवस घेतले तर कायदा न मोडता २८ कामकाजाचे दिवस जातात, आणि परत खाली आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ई-ऑफिस आल्यापासून नस्ती कुणाच्या लॉगिनला अडकलीय ते तरी दिसतं. ज्या कार्यालयात ते खरोखर वापरतात, तिथल्या लिपिकांची चिडचिड निम्म्याने कमी असते. काही ठिकाणी मात्र कागदावरही टिप्पणी आणि संगणकावरही, असं दुप्पट काम चालतं. ते सगळ्यात वाईट.

त्यात रिक्त पदं. एका लिपिकाकडे दोन टेबलांचा कार्यभार असणं ही आता नेहमीची गोष्ट झालीय. 'सरकारी माणसं काम करत नाहीत' हे वाक्य अशा कार्यालयात दुपारी साडेतीनला जाऊन म्हणून दाखवावं. काम न करणारे आहेतच, पण त्यांचं काम कोण करतं? शेजारच्या टेबलावरचा. काम करणाऱ्याकडेच काम येतं आणि दोघांची वेतनवाढ त्याच तारखेला त्याच टक्क्याने होते. मेहनती माणसाला सरकारी नोकरीत लागणारी सगळ्यात मोठी ठेच हीच. गोपनीय अहवालातली प्रतवारी पदोन्नतीला लागते हे खरं, पण खालच्या स्तरावर 'चांगला' आणि 'अत्युत्कृष्ट' यांतला फरक पगारात कधी दिसत नाही.

खासगीत हे उलटं आहे, आणि उलटं म्हणजे चांगलं असं नाही. काम दिवसाच्या शेवटी संपलेलं दिसतं: आज इतक्या केसेस, इतका वेळ, इतकी अचूकता. ज्याला मोजमापाची आवड आहे त्याला पहिलं वर्ष छान जातं. मग लक्षात येतं की मोजमापाचा दांडा दुसऱ्याच्या हातात आहे. क्वालिटी ऑडिटला तुमच्या केसेसपैकी थोड्याच उचलल्या जातात. त्यात एक 'फेटल एरर' निघाली की त्या केसचा स्कोअर शून्य, बाकी सगळं बरोबर असलं तरी. एप्रिलच्या अप्रेझलला वरची रेटिंग किती जणांना द्यायची हे टीमपुरतं आधीच ठरलेलं असतं. मग चार चांगल्या माणसांतून एकाला वर आणि कुणाला तरी खाली बसवावंच लागतं. इथे मॅनेजर महत्त्वाचा. चांगला मॅनेजर वर्षभर तुमची कामं लिहून ठेवतो आणि त्या बैठकीत भांडतो. वाईट मॅनेजर 'वरून आलंय' म्हणतो. रेटिंग खाली आली की पुढचा टप्पा पीआयपी, म्हणजे सुधारणेसाठी दिलेली मुदत. ती बहुतेक वेळा रेझ्युमे अपडेट करण्यासाठीच वापरावी. म्हणून इंटरव्ह्यूच्या शेवटी 'काही विचारायचंय का' म्हटल्यावर गप्प बसू नये. टीममधून गेल्या वर्षभरात किती जण सोडून गेले आणि ही जागा नवी आहे की कुणी सोडल्याने रिकामी झालीय, हे दोन प्रश्न विचारायचे. उत्तर टाळलं तर तेच उत्तर.

वेळेच्या बाबतीत सरकारी बाजू जिंकते, पण जाहिरात केली जाते तितकी नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. आस्थापना किंवा आवक-जावक टेबलाला ही वेळ पाळता येते. महसूल, पोलीस, आरोग्य यांच्या फिल्डच्या जागांना ती भिंतीवरच राहते. खासगीत नऊ तासांचं लॉगिन, वर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधले दीड-दोन तास, आणि शिफ्ट बदलली की झोपेचं गणित पुन्हा पहिल्यापासून.

सुट्ट्यांमध्ये तुलनाच नाही. वर्षाला ८ नैमित्तिक, ३० अर्जित (१ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा जमा होतात), २० अर्धवेतनी. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला रोखीत मिळते. खासगीत राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने साठवणीची मर्यादा ४५ दिवस. महिलांसाठी १८० दिवसांची प्रसूती रजा आणि शिवाय सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा, हे सरकारी नोकरीचं सगळ्यात कमी बोललं जाणारं वैशिष्ट्य आहे. अनेक घरांत मुलीने सरकारीच करावी असा आग्रह असतो त्यामागे हे गणित असतं, फक्त ते कुणी असं मांडत नाही.

दवाखान्याची वेळ आली की पारडं पुन्हा फिरतं. सरकारी कर्मचाऱ्याने आधी स्वतः पैसे भरायचे, मग बिल, डिस्चार्ज कार्ड, प्रमाणपत्रं जोडून प्रतिपूर्तीचा प्रस्ताव टाकायचा. खासगी रुग्णालयातला उपचार आकस्मिक आणि गंभीर आजारांच्या ठरलेल्या यादीत बसला पाहिजे. मग जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पडताळणी, मंजूर दर लावून काटछाट, आणि अनुदान आलं की पैसे. यात महिने जातात. दोन लाखांचं बिल हातात घेऊन पतसंस्थेच्या कर्जाला धावणारे कर्मचारी प्रत्येक कार्यालयात सापडतील. खासगी कंपनीचं कार्ड काउंटरवर दाखवलं की कॅशलेस सुरू. नोकरी गेली की मात्र कार्डही गेलं. आई-वडिलांना त्यात घ्यायचं असेल तर हप्ता बहुधा तुमच्याच पगारातून कापतात. सरकारी माणसाने स्वतःची वेगळी आरोग्य विमा पॉलिसी घ्यावी, हा सल्ला पेन्शनच्या चर्चेइतकाच महत्त्वाचा आहे.

पेन्शनचं थोडक्यात. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना सरसकट जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर जो संप झाला तो यासाठीच. तरीही शासनाच्या १४ टक्क्यांसह साठणारी रक्कम खासगीच्या तुलनेत भक्कम असते. खासगीत ईपीएस (पीएफसोबतच्या) पेन्शनचं सूत्र आहे पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. वेतनाची मर्यादा १५,००० असेल तर ३५ वर्षं राबून महिन्याला ७,५००. एवढ्या वर्षांनी तेवढ्यात फार तर किराणा भागेल.

दोन्हीकडे नोकरी सोडताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. लिपिक असताना एमपीएससीतून वरची पोस्ट निघाली, तर अर्ज कार्यालयामार्फत, परवानगी घेऊन केलेला असावा आणि राजीनामा 'तांत्रिक' म्हणून मंजूर करून घ्यावा. रागाच्या भरात साधा राजीनामा दिला की मागची सेवा धुऊन जाते. खासगीत ६० किंवा ९० दिवसांचा नोटीस पिरिअड असतो आणि नव्या कंपनीला माणूस महिन्यात हवा असतो, म्हणून बायआउटचं (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटण्याचं) आधी लेखी विचारावं. रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय लॅपटॉप दिल्याची पावती टाकून देऊ नये. जुन्या कंपनीने पीएफच्या खात्यात सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. आधारवर 'ज्ञानेश्वर' एका स्पेलिंगने आणि पीएफला दुसऱ्या, एवढ्यावरून दावा फेटाळला जातो, तेव्हा ते पहिल्याच महिन्यात जुळवून घ्यावं.

एक तिसरा प्रकार बाजारात आहे, त्याला मी एकही तारा देणार नाही: सरकारी कार्यालयात ठेकेदारामार्फत बाह्यस्रोतावर घेतलेला ऑपरेटर. सरकारी 'चर्चा करावी', खासगी अनिश्चितता, रजा जवळपास नाही, पगार ठेकेदाराचं बिल निघाल्यावर. 'आत शिरलो की कायम होऊ' या आशेवर मुलं त्यात वयाची मर्यादा ओलांडून जातात.

लिपिकाच्या जागेला पाचपैकी साडेतीन, टेबल बरं मिळालं तर चार. खासगी बॅक ऑफिसला अडीच, मॅनेजर चांगला असेल आणि तुम्ही तिसऱ्या वर्षी उडी मारणार असाल तर साडेतीन.

आणि सरकारीत रुजू झालेल्यांसाठी एक काम, पहिल्याच आठवड्यातलं. सेवापुस्तकाचं पहिलं पान स्वतः वाचा: जन्मतारीख, नावाचं शुद्धलेखन, रुजू दिनांक मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर. दरवर्षी वेतनवाढीची नोंद आणि रजेचा हिशेब पाहून सही करा, आणि त्या पानांची झेरॉक्स घरी ठेवा. वेतनाची पडताळणी पथकाकडून होते ती बहुधा फार उशिरा. तेव्हा पंधरा वर्षांपूर्वीची चुकलेली वेतननिश्चिती सापडते आणि वसुली निघते. गट क कर्मचाऱ्याकडून अशी वसुली करता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात सांगितलंय. त्या निकालाची एक प्रतही त्याच फाइलला लावून ठेवा.